द्वारकेचा सा

आंबेखिंडीच्या गायनशाळेत आषाढातल्या पहिल्या सोमवारी गेलात तर चक्रावून जाल. सात खोल्यांची लांब पडवी, खोल्याखोल्यांत भिंतीला टेकवून ठेवलेले तानपुरे, आणि एकाही तानपुऱ्याची तार ताणलेली नाही. नाचाच्या वर्गातले घुंगरू गाठोड्यातच. मुलेमुली पडवीभर नुसती चुळबुळत बसलेली. कोणी नकळत मांडीवर ताल धरतो आणि शेजारची त्याचा हात दाबते. पाहुण्यांना वाटते, कोणी गेले की काय. मग स्वयंपाकघरातल्या गजरामावशी पदराला हात पुसत बाहेर येतात आणि त्यांना खाली बसवून ही हकिकत सांगतात.

ही शाळा मार्तंडबुवा हळब्यांनी काढली. बुवांचा गळा भारदस्त, पण जीव एका जागी ठरत नसे. सकाळी रियाज सुरू झाला की ते पडवीत येरझारा घालत आणि दाराला कान लावत सुटत. खोल्यांच्या भिंती कुडाच्या. या खोलीत एक सा आणि पलीकडे दुसरा, असे झाले की बुवांच्या अंगाचा तिळपापड होई. शेवटी त्यांनी खिंडीतल्या देवीपुढे शब्द दिला म्हणे, की या छपराखाली माझाच सा लागेल. दुसरा लागला, तर मी गाणे सोडेन. सगळे तानपुरे बुवांच्या सुरात लागले. पडवी एका सुरात घुमू लागली आणि बुवांच्या जिवाला जरा स्वस्थता आली.

आता प्रत्येक गळ्याची पट्टी वेगळी असते, हे काय बुवांना ठाऊक नव्हते? चांगले ठाऊक होते. पण माणसाला एकदा हवे ते ऐकू येऊ लागले, की ठाऊक असलेलेही तो सोयीने विसरतो.

अशात खिंडीतल्या गुरवाची द्वारका शिकायला आली. शाळेतली ती पहिलीच मुलगी. बुवांच्या पट्टीत ती खाली गेली की आवाज विझे, वर गेली की चिरके. बुवा म्हणत, "रियाज कमी पडतोय." ती बिचारी रियाज वाढवी. तिसऱ्या वर्षी तिचा घसा बसला तो बसलाच. पाणी हवे असले तरी खुणेने मागायची वेळ आली.

तिची आई तडक शाळेत आली. "बुवा, हिचा बा देवळात सनई वाजवायचा आन् ही अंगणातनं त्याच्यासंगं गायची," ती म्हणाली. "अख्खी खिंड ऐकत हुती. काय केलंसा माज्या लेकीचं?"

बुवा पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले. दुपार टळली, जेवण तसेच राहिले. मग एकेका खोलीत जाऊन त्यांनी साऱ्या तानपुऱ्यांच्या खुंट्या सैल केल्या.

"द्वारके," ते म्हणाले, "आता शाळा तुझ्या सुरात लागेल. तुझा सा मिळेपर्यंत इथे कोणी सूर लावायचा नाही."

द्वारकेला देवीपुढचा शब्द माहीत होता. तिने घाबरून मान हलवली.

"शब्द दिला तेव्हा मी माझ्या कानांचाच विचार केला होता," बुवा म्हणाले. "त्याची भरपाई मीच करायची."

अकरा दिवस शाळा मुकी राहिली असे सांगतात. विद्यार्थी विहिरीवर जात, परत येत, पुन्हा जात. कोणाला अन्न गोड लागेना. द्वारका रोज सकाळी बुवांसमोर बसे, तोंड उघडे, आणि नुसती हवा बाहेर येई. सूर दाखवायची बुवांची जन्माची खोड. ओठ आवळून, दोन्ही हात मांडीखाली दाबून ते बसत. उद्याही आवाज आला नाही तर, या एकाच धास्तीने ते अर्धे झाले.

बाराव्या सकाळी आवाज आला. बारीक, खरखरीत, बुवांच्या सुरापासून पुष्कळ लांबचा. पण ती त्यावर टिकली. बुवांनी खुंट्या पिळल्या आणि सातही खोल्या तिच्या सुरात लावल्या.

त्या दिवसानंतर बुवा गायले नाहीत. पुढे अठरा वर्षे त्यांनी शिकवले ते फक्त बोलून. प्रत्येकाला आपापली पट्टी मिळाली, पडवीत सात सूर एकमेकांशी भांडू लागले, आणि बुवा त्या गलक्यात मुकाट बसून राहत. द्वारका मोठी गायिका झाली, पण तिच्या आवाजातली ती खरखर शेवटपर्यंत गेली नाही. हे सांगताना गजरामावशींचा बुवांवरचा राग अजून लपत नाही.

आजही त्या सोमवारी सर्वांत नवा विद्यार्थी मध्ये बसतो आणि आपला सा शोधतो. गुरुजी समोर असतात, पण त्यांनी तोंड उघडायचे नाही. सूर मिळाला की सारी शाळा त्या दिवसापुरती त्याच्या पट्टीत लागते. तोवर चूलही पेटत नाही. गेल्या वर्षी एका मुलीला दुपारचे तीन वाजले. सगळे भुकेने कळवळले होते, पण तिला कोणी घाई केली नाही.