टिटवीचा बारावा अर्ज

एका जंगलाच्या कडेला, ओढ्याच्या खडकाळ काठावर एक टिटवी राहत असे. टिटवी झाडावर घरटे बांधत नाही, उघड्या जमिनीवरच अंडी घालते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. या टिटवीची अंडी सलग तीन उन्हाळे पाण्यावर येणाऱ्या रेड्यांच्या खुरांखाली गेली होती. त्या जंगलात अशी रीत होती की, जो कळप एखाद्याला कामावर ठेवी, तो त्याला राहायला आपल्या कुरणातली जागाही देई. म्हणून टिटवी नोकरी शोधत हिंडत होती. अर्ज पळसाच्या पानावर काट्याने कोरून द्यायचा असे. पोपटाकडे एक तयार मजकूर होता आणि सारे जंगल तोच उतरवून घेई : ‘मी अत्यंत कष्टाळू, प्रामाणिक व गोड स्वभावाची असून कोणतेही काम मनापासून करीन.’ टिटवीनेही तोच उतरवला. गव्यांना दिला, सशांना दिला, बगळ्यांना दिला. रानडुकरांना दिलेल्या पानावर तर गव्यांचेच नाव राहून गेले. अकरा पाने झाली. कुठून ‘जागा भरली’ असा निरोप आला, कुठून तोही आला नाही. उन्हाळा तोंडावर आला होता आणि तिचे पाय चालून चालून भरून आले होते.

अशातच हरणांच्या कळपाला पहारेकरी हवा असल्याचे तिच्या कानावर आले. टिटवीने बारावे पान कोरले आणि पाय ओढत ती कुरणात गेली. मोहाच्या झाडाखाली कळपाची म्हातारी पुढारीण पानांच्या ढिगापाशी बसली होती. तिचेही डोळे थकलेले होते. शेजारच्या हरिणीला ती म्हणाली, “वीस पाने वाचली. सगळे कष्टाळू, सगळे प्रामाणिक. महिन्याभरात आपली दोन पाडसे बिबट्याने नेली. ती कशी गेली, हे एकानेही विचारलेले नाही.” टिटवीने आपल्या पानाकडे पाहिले. तेही तसलेच एकविसावे होते. ते न देताच ती माघारी वळली.

ओढ्यावर येऊन ती बराच वेळ नुसती बसून राहिली. गोड शब्द शोधायचे त्राण आता तिच्यात उरले नव्हते. मग तिने नवे पान घेतले आणि जे ठाऊक होते तेवढेच कोरले : ‘आपली दोन पाडसे गेली, त्याचे मला वाईट वाटते. बिबट्या पाणवठ्याच्या वाटेने येत नाही. दिवस मावळताना ओढ्याकाठच्या करवंदीच्या जाळीतून, वाऱ्याच्या उलट बाजूने येतो. मी तिथेच जमिनीवर राहते, म्हणून मला तो आधी दिसतो. माझा आवाज कर्कश आहे आणि सगळे त्याला अपशकुनी म्हणतात. पण तो ओढ्यापलीकडेही ऐकू जातो. झाडावर बसून पहारा करणे मला जमणार नाही.’

ते पान ती कुरणात देऊन आली आणि दुसऱ्याच दिवशी तिला बोलावणे आले. म्हाताऱ्या हरिणीने तिला जवळ बसवले आणि एवढेच विचारले, “आवाजाचे तू आपणहून का लिहिलेस? आम्हाला कळलेही नसते.”

टिटवी म्हणाली, “पहिल्याच हाकेला कळले असते. मग तुम्ही मला हाकलले असते, आणि पुन्हा दारोदार फिरायची ताकद माझ्यात नाही.”

हरिणीने मान हलवली आणि तिला कामावर ठेवून घेतले. काही तरुण हरणे कुरकुरली की, हा आवाज ऐकत चरायचे तरी कसे. तिसऱ्या दिवशी सूर्य टेकडीआड जात असताना करवंदीची जाळी किंचित हलली. टिटवी जीव तोडून ओरडली. सारा कळप उधळला आणि पलीकडच्या उघड्या माळावर जाऊन थांबला. हरिणीने पाडसे मोजली. एकही कमी नव्हते. बिबट्या जाळीच्या तोंडाशी घटकाभर उभा राहिला आणि रिकाम्या तोंडाने परतला. त्यानंतर आवाजाबद्दल कोणी काही बोलले नाही.

सकाळी हरिणीने टिटवीला कुरणातली एक कोरडी, खडे असलेली जागा दाखवली आणि आजपासून ही तुझी म्हणून सांगितले. टिटवी उभ्या उभ्याच पेंगत होती. ते पाहून म्हातारी म्हणाली, “दुपारपर्यंत मी जागी आहे. तू झोप, बाई.” टिटवीने चोच पंखात खुपसली. कित्येक दिवसांत ती अशी गाढ झोपली नव्हती.

तात्पर्य : काम मागताना उसन्या शब्दांत स्वतःची स्तुती करू नये, समोरच्याची अडचण जाणून घ्यावी आणि तिथे आपण नेमके काय करू शकतो, तेवढे खरे सांगावे.