एक्केचाळीस दिवे वाढले

एका राज्यात सेनापतीचा तळ डोंगरमाथ्यावर होता, आणि तिथे प्रत्येक सैनिकाच्या नावाने एक दिवा तेवत असे. माणूस गेला की त्याचा दिवा आपोआप शांत होई. शेजारच्या राजाच्या मांत्रिकाने त्या तळावर अग्निबाण सोडला. ज्वाळा निमाल्या, पण धूर गोठून भिंतीसारखा उभा राहिला. मांत्रिकाचा शापच तसा होता. मेलेल्यांचा खरा आकडा त्या भिंतीपुढे कोणी उच्चारीपर्यंत आतला जिवंत माणूसही बाहेर येणार नव्हता.

आपल्या राजाने तिथे दवंडी पिटली, एकही मेला नाही. शेजारच्याने पिटली, एकही उरला नाही. धूर काही हलेना.

जयमल्ल नावाचा एक सैनिक आत होता. त्याची बायको चारुमती न्याय-व्याकरण शिकलेली. पण कडेवरचे तान्हे श्वास घेते आहे ना, हे पाहायला घटकेघटकेला त्याच्या नाकाशी बोट धरी. एवढ्या विद्येचा एवढाच उपयोग, असे स्वतःलाच म्हणे. आता मात्र तिला राहवेना. दोघांतला खरा कोण, की दोघेही खोटे? लेकराला घेऊन ती निघाली.

आधी तिने राजाच्या पोपटाला गाठले. तो परमुलखातून नजराणा म्हणून आलेला, इथली भाषा पोथ्या ऐकून शिकलेला. त्याने सांगितले की टिटवीने निरोप आणला, तळावरचे एक्केचाळीस दिवे वाढले. दिवे घटले नाहीत, उलट वाढले; मग मेले कोण, असा त्याचा हिशेब, आणि राजालाही त्याने तेच सांगितले होते. चारुमतीला काहीतरी खटकले, पण काय ते उमगेना.

मग सीमेवर शेजारच्या राजाचा कावळा भेटला. स्वतः पाहिलेस का, असे विचारताच त्याने मान वळवली. धुरात दिसणार काय. महाराजांना मोठा आकडा आवडतो, म्हणून सगळे मेले म्हणालो, एवढेच तो बोलला.

शेवटी ती डोंगरपायथ्याच्या टिटवीकडे गेली.

“टिटवीताई, दिवे किती विझले?”

“विझले म्हणू नये, बाई. लेकुरवाळी ना तू? निजताना घरचा दिवा काय करतेस?”

“वाढवते.”

“मग? मी वेगळे काय सांगितले?”

तिला हसू आले आणि त्याच क्षणी त्या आकड्याचा अर्थ उमगला. “कोणाकोणाचे, ताई?”

“ज्योतीवर नाव नसते. धूर गोठण्याआधी मी नुसत्या ज्योती मोजल्या.”

धुरापाशी पहारेकऱ्याने भाला आडवा धरला. “महाराजांचा शब्द खोटा पाडणार?”

“निरोपातला शब्द खराच आहे. अर्थ तेवढा चुकला.”

आकडा उच्चारला की जयमल्लही त्यात असू शकत होता. न उच्चारला तर कोणीच येणार नव्हते. तिने तान्ह्याचे कान झाकले आणि म्हणाली, “एक्केचाळीस गेले.”

धूर उभा फाटला. हातात तेवते दिवे घेऊन माणसे उतरू लागली. किती तरी चेहरे गेले, मग एकाच्या खांद्याला धरून लंगडत जयमल्ल आला. दुसऱ्या बाया अजून वाटेकडेच पाहत होत्या. चारुमतीने लेकरू त्याच्या हाती दिले आणि ती त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली.

राजा अनवाणी एक्केचाळीस दारी गेला, मगच सिंहासनावर बसला. राज्याची घडी बसली. जे आले ते घरोघर जेवायला बसले. जे गेले, त्यांच्या नावाची पाने आधी वाढली.