संपर्क होऊ शकला नाही

"म्हणजे खरी बातमीसुद्धा छापायची नाही, असं म्हणताय का, महाराज?"

सारंग धायगुडेने हातातला कागद खाली केला. आवाज चांगलाच चढला होता. मठात एवढ्या मोठ्याने कुणी बोलत नसे. पण सारंग तालुक्याच्या दैनिकाचा संपादक होता, आणि संपादक कुठेही गेला तरी त्याला आपण कार्यालयातच आहोत असं वाटतं.

धुंडिगिरी महाराज घोंगडीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. ते फोडत राहिले.

मोठी बातमी छापण्याआधी ती महाराजांना वाचून दाखवायची, ही सारंगची जुनी पद्धत. लहानपणी तो याच मठात राहून शिकला होता. लोकांना वाटे, तो सल्ल्यासाठी येतो. खरं तर तो शाबासकीसाठी यायचा, आणि बहुतेक वेळा ती मिळायचीही.

आज मिळाली नव्हती.

बातमी मोठीच होती. नदीपलीकडच्या मुलींच्या वसतिगृहातलं धान्य परस्पर विकलं जात होतं आणि मुलींच्या ताटात पाण्यासारखी आमटी पडत होती. अधीक्षिका शैला कोकरे स्वतः उभ्या राहून टेम्पोत पोती चढवून घेत असल्याचा फोटो होता. मथळा होता, 'मुलींच्या तोंडचा घास अधीक्षिकेने विकला'.

"छापू नको असं मी म्हटलंच नाही," महाराज म्हणाले. "शेवटची ओळ पुन्हा वाच, एवढंच म्हटलं."

सारंगने कागद वर धरला.

"'याबाबत श्रीमती कोकरे यांच्याशी संपर्क साधण्याचा प्रयत्न केला असता, तो होऊ शकला नाही.'"

"कधी केलास प्रयत्न?"

"काल दुपारी. फोन लावला. उचलला नाही."

"का उचलला नाही?"

"ते मला काय माहीत? चोरी करणारा माणूस पत्रकाराचा फोन कशाला उचलेल?"

महाराजांनी एक दाणा तोंडात टाकला.

"दुपारी त्या बाईंचा फोन कुठं असतो?"

सारंगने हातातल्या कागदाची घडी घातली.

"कपाटात," तो म्हणाला.

वसतिगृहात दिवसभर सगळ्यांचे फोन कपाटात बंद असत. मुलींचे आणि बाईंचाही. हा नियम अख्ख्या तालुक्याला ठाऊक होता, कारण गेल्या वर्षी सारंगनेच तो चौकट टाकून छापला होता, बाईंच्या भरपूर कौतुकासह.

"पण महाराज, ही ओळ सगळेच घालतात. बातमी लिहायला घेतली की आम्ही ती आधीच खाली टाकून ठेवतो. फोन लागलाच, तर काढायची."

"आधी लिहिता... मग फोन करता."

"वेळ कुठं असतो?"

महाराजांनी हात झटकले आणि नदीपलीकडे बोट दाखवलं. पुलाच्या त्या टोकाला वसतिगृहाची कौलं दिसत होती. आवारात वाळत घातलेले मुलींचे पोशाखही दिसत होते.

"मला इथून दिसतंय," ते म्हणाले. "आणि माझी नजर अधू आहे."

सारंग तडक उठला. त्याला राग आला होता, आणि ज्याची बाजू खरी असते, त्याचा राग फार कडक असतो. चपला पायात सरकवताना तो म्हणाला, "त्यांनी कानांवर हात ठेवले, तरी मी छापणार. आत्ताच सांगून ठेवतो."

"छाप की."

तो गेला तसे महाराज पुन्हा शेंगांकडे वळले.

दुपारी तो परत आला. घामाघूम झाला होता. पाणी प्यायला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "बातमी खरी आहे, महाराज. बाईंनी कबूल केलं. काहीही आढेवेढे घेतले नाहीत. म्हणजे सकाळी होती तशी छापली असती, तरी काही बिघडलं नसतं."

"असं?"

सारंग खाली बसला.

"नाही," तो म्हणाला. "बिघडलं असतं."

"सांग."

"दारात मला पाहिलं आणि म्हणाल्या, 'बरं झालं आलात. माझ्याबद्दल सगळा गाव बोलतोय, मला विचारायला कुणी आलं नव्हतं.' पोती त्यांनीच चढवली. पण ती जातात आबासाहेब शेळवण्यांच्या गोदामात. वसतिगृहाच्या संस्थेचे अध्यक्षच ते. बाई नाही म्हणाल्या असत्या, तर नोकरी गेली असती. म्हणून गप्प बसल्या. त्याची त्यांना लाज वाटते, असं त्या स्वतःच म्हणाल्या."

"आणखी?"

"म्हणाल्या, 'माझं नाव छापा, मी गुन्हेगार आहेच. पण एकट्या माझंच छापलंत, तर अध्यक्ष उद्या मला काढतील, दुसरी बाई आणतील आणि पोती जातच राहतील. तुमचा पेपर खपेल. माझ्या पोरींच्या ताटात काय पडेल?'"

सारंगने खिसा चाचपला. सकाळचा तो कागद अजून तिथेच होता. त्यात आबासाहेबांचं नाव कुठेच नव्हतं.

"मग काय केलंस?"

"गोदामावर गेलो. वसतिगृहाच्या शिक्क्याची पोती थप्पी लावून ठेवली आहेत, उघड्यावर. फोटो काढला. तिथून थेट आबासाहेबांच्या घरी." तो जरा घुटमळला. "फोन नाही केला. समोर जाऊन विचारलं."

महाराज हसले. शाबासकी म्हणायची तर तीच.

"काय म्हणाला तो?"

"चहा पाजला. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. हसत हसत म्हणाले, 'खुशाल छापा, संपादक. फक्त आधी तुमच्या महाराजांना विचारा. ते छाप म्हणाले, तर माझी काही हरकत नाही.'"

शेंग फोडणारा हात थांबला.

दोघं बसले होते तो सभामंडप आबासाहेबांनीच बांधून दिला होता. खांबावर त्यांच्या वडिलांचं नाव कोरलेलं होतं. डोक्यावर फिरणारा पंखाही त्यांचाच. आणि दर दिवाळीला सारंगच्या पेपरात जी पानभर जाहिरात येई, तीही दुसऱ्या कुणाची नव्हती. आबासाहेबांना माणसं बरोबर कळत. उगाच नाही ते अध्यक्ष झाले.

"महाराज..." सारंग चाचरत म्हणाला. "तुम्ही अडचणीत येऊ नये, असं मला वाटतं. तुम्ही नको म्हणालात, तर त्यांचं नाव मी गाळतो. बाईंचं छापतो. त्यात खोटं तर काहीच नाही. त्यांनी कबूलच केलंय."

महाराजांनी हातातली शेंग खाली ठेवली.

"ह्या वेळी ती शेवटची ओळसुद्धा घालावी लागणार नाही," सारंग म्हणाला. स्वतःचेच शब्द कानावर पडले तशी त्याने जीभ चावली.

पंखा फिरत राहिला...

महाराज उठले. घोंगडीवरची टरफलं त्यांनी झटकली, घोंगडी काखेत मारली आणि मंडपाच्या पायऱ्या एकेक करून उतरू लागले. म्हातारपणी गुडघे कुरकुरत होते, तरी त्यांनी सारंगचा हात घेतला नाही. खाली नदीच्या घाटाचा दगड तापला होता. ऊन अजून डोळ्यांवर येत होतं. तिथेच, उघड्यावर, त्यांनी घोंगडी अंथरली आणि मांडी घातली.

"महाराज, ऊन लागेल. आत या."

महाराजांनी डोक्यावर पंचा घेतला.

"महाराज, रात्री पेपरचं पान लावायचंय. तुम्ही काहीतरी सांगा. नाव छापू की नको?"

सारंग शेवटच्या पायरीवर उभा होता. तिथपर्यंत आबासाहेबांच्या मंडपाची सावली होती.

महाराज जरा बाजूला सरकले. घोंगडीवर एका माणसापुरती जागा झाली.

"तू आधी बाहेर ये," ते म्हणाले. "मग नावाचं बोलू."