समाचाराची टोपली

एका बंदराच्या शहरात एकदा अशी गोष्ट घडली. तिथे गोऱ्यांनी एका अंगाला राहायचं आणि काळ्यांनी दुसऱ्या अंगाला, असा कायदाच होता. रुग्णालयातही दोन विभाग होते. गोऱ्या विभागातली ग्रेटा आणि काळ्या विभागातली लिंदिवे या परिचारिकांची चादरी ठेवायच्या खोलीत ओळख झाली आणि हळूहळू त्या जिवाभावाच्या मैत्रिणी झाल्या. ग्रेटाचं तान्हं मूल गेलं, तेव्हा लिंदिवे मागच्या दाराने तिच्या स्वयंपाकघरात आली आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

पुढे लिंदिवेची आई वारली. ग्रेटाने समाचारासाठी फळं, पाव आणि साखरेची टोपली भरली आणि ती आपल्या वृद्ध गुरूंकडे गेली. दोघींना रुग्णसेवा शिकवणाऱ्या या बाई स्वतः गोऱ्या होत्या. पण जखमा बांधायला पलीकडच्या वस्तीत नेहमी जात.

"बाई, एवढं लिंदिवेकडे पोचवाल?"

बाईंनी टोपलीतले सारे जिन्नस काढून आपल्या फडताळात ठेवले. म्हणाल्या, "आता तू जा. रिकाम्या हाताने."

ग्रेटा दुखावली. "मला तिथे कुणी पाहिलं तर? माझ्या नवऱ्याची नोकरी सरकारी आहे."

"तुझी भीती खरी आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "गेली नाहीस तरी मी तुला वाईट म्हणणार नाही. पण तुझं मूल गेलं त्या दिवशी ती तुझ्याकडे आली, तेव्हा पकडली गेली असती तर तुरुंगात तीच गेली असती. आजवर या मैत्रीतली सगळी भीती तिने एकटीने सोसली. तू तिला जीव लावलास, पण स्वतः सुरक्षित राहून. आज तिची आई गेली आहे. तिला रडायला माणूस हवं. टोपलीपाशी कोण रडतं?"

ग्रेटा उठली आणि भर दुपारी, हमरस्त्याने, पलीकडच्या वस्तीत चालत गेली.

अंगणात चटईवर बसलेल्या बायका तिला पाहताच गप्प झाल्या. लिंदिवेने मान वर केली. तिचा चेहरा भीतीने उतरला.

"तू इथे? कुणी पाहिलं तर नाही ना?"

"सगळ्यांनी पाहिलं," ग्रेटा म्हणाली.

लिंदिवे थोडी बाजूला सरकली आणि चटईवर तिने जागा करून दिली.