लोकरीच्या गाठीचा शाप

एका राज्यात, सात टेकड्यांच्या कुशीत, रोमन लोकांचा सिल्वान नावाचा राजा राज्य करीत होता. त्याच्या मुदपाकखान्यात प्रिस्का नावाची म्हातारी दासी रोट भाजत असे.

राज्याचे दैवत म्हणजे पेरणीचा देव सॅटर्न. त्याच्या मूर्तीचे पाय वर्षभर लोकरीच्या दोरीने बांधलेले असत. हिवाळ्यातल्या उत्सवाला ती दोरी सोडत. मग सात दिवस दास पंगतीला बसत आणि धनी त्यांना वाढत.

सिल्वान गादीवर बसला आणि म्हणाला, "राजाने दासीला वाढायचे? उत्सव बंद."

त्याच क्षणी त्या दोरीची गाठ लोखंडासारखी आवळली आणि कोठारातला सारा गहू दगड झाला. नगरातल्या चुली थंडावल्या. मांत्रिक आले, मंत्र सरले. गाठ काही ढिली होईना.

तेव्हा देवळाच्या खांबावर बसलेला हिरवा सुतारपक्षी बोलला, "राजा, तीन कामे स्वतःच्या हाताने कर. अग्निदेवी वेस्टाच्या देवळातून विस्तव आण. दगडी गहू दळ. आणि जिच्या हातचे रोज खातोस, तिला नावाने हाक मारून जेवू घाल."

राजाने विस्तव आणला, पण त्याचे तळवे पोळले. प्रिस्काने तळव्यांना तेल लावले. मग तो जात्याशी बसला. खुंटा हलेना.

"महाराज, नुसत्या हाताने नाही, कमरेतून ओढा," ती बोलून गेली आणि मनात चरकली. राजाला शिकवायची तिची काय प्राज्ञा! पण राजाने तसेच केले. जाते घरघरले. तिसऱ्या दिवशी दगडातून पांढरेशुभ्र पीठ झरू लागले.

राजाने रोट भाजला, ताट वाढले, तिच्यापुढे आला आणि अडखळला. त्याची मान खाली गेली.

"बाई, तुझे नाव मला ठाऊक नाही."

"कधी कोणी विचारलेच नाही, महाराज. मी प्रिस्का."

"प्रिस्का, बस. जेव."

तिकडे देवळात गाठ आपसूक सुटली. कोठारात गहू पुन्हा गहू झाला, घरोघरी धूर निघाला, आणि त्या वर्षापासून उत्सव कधी चुकला नाही.

प्रिस्काला यातले काहीच कळले नव्हते. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच तिच्या वाट्याला दुसऱ्याने भाजलेला गरम रोट आला होता. तिने तुकडा मोडला, सावकाश चावला.

"मीठ जरा कमी आहे, महाराज."

राजा मीठ आणायला गेला.