धाकूने दाजींना जपलं

खाडीकाठच्या एका गावात धाकू नावाचा एक भोळा माणूस राहत होता. वय चाळीस. मिशा पिकायला लागल्या होत्या. सांगितलं तेवढं करायचा, आणि सांगितलं तसंच करायचा.

तो दाजींच्या गणपतीच्या कारखान्यात माती मळायचा. दाजी मूर्तिकार. अंगाचा रंग कोणीही भरायचं, पण मूर्तीचे डोळे दाजीच आखायचे. तसा हात गावात दुसऱ्या कोणाचा नव्हता.

चतुर्थी पाच दिवसांवर आली. चाळीस मूर्ती डोळ्यांवाचून बसून होत्या. काम वाढलं की दाजी जेवण कमी करायचे आणि चहा वाढवायचे. काम आणखी वाढलं की तंबाखू वाढवायचे. झोप तर त्यांनी विसर्जनानंतर घ्यायची ठरवली होती. त्याच सकाळी त्यांचा हात थरथरला. एका गणपतीची भुवई सोंडेवर उतरली.

दाजींची बायको म्हणजे वहिनी. त्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. बाई म्हणाल्या, "पोट उपाशी, त्यावर वीस कप चहा, वर तंबाखू. हात थरथरणार नाही तर काय? असंच चाललं तर चतुर्थीच्या आधी अंथरूण धरतील."

वहिनी घाबरल्या. त्यांनी धाकूला हाक मारली.

"धाकू, तू दिवसभर त्यांच्याजवळ असतोस. त्यांना जप. दुपारी ताट पुढ्यात ठेव, आणि ताट रिकामं झाल्याशिवाय हलू नकोस."

"बरं वहिनी."

धाकूने ताट ठेवलं आणि समोर बसला. दाजी डोळा आखत होते. त्यांनी ताटाकडे पाहिलंही नाही. कोंबडी आली, तिने भात खाल्ला. मांजर आलं, त्याने दही चाटलं. धाकू हलला नाही. ताट लख्ख झाल्यावर तो ते घेऊन घरात गेला.

"जेवले का रे?"

"नाही. पण ताट रिकामं झालं."

"अरे देवा! दुसरं कोणी तोंड लावायच्या आधी उचलून त्यांच्या तोंडात घालायचं, धाकू!"

"बरं वहिनी. पुढच्या वेळी तसंच करतो."

दुसऱ्या दिवशी शेजारचे महादूकाका गप्पा मारायला आले. दाजींची तंबाखूची पुडी उघडी पडली होती. "चिमूटभर घेतो रे," म्हणून काकांनी हात पुढे केला. धाकू धावला. काकांच्या आधी त्याने पुडी उचलली आणि सगळीच्या सगळी दाजींच्या तोंडात घातली.

दाजी अर्धा तास खांबाला धरून बसले. चाळीसही गणपती त्यांच्याभोवती गोल फिरत होते.

"मेल्या, जीव घेतोस की काय त्यांचा?" वहिनी ओरडल्या. "असली पुडी दिसली की उचलायची आणि खाडीत फेकायची!"

"बरं वहिनी. पुढच्या वेळी तसंच करतो."

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी दाजींसाठी गोळ्यांची पुडी पाठवली. धाकूने ती पाहिली, उचलली आणि खाडीत फेकली.

"गोळ्या कुठे आहेत?" वहिनींनी विचारलं.

"खाडीत. मासे जवळ आले होते, पण मी हाकलले. त्यांची तब्येत कशाला बिघडवायची?"

वहिनींनी डॉक्टरीणबाईंना पुन्हा निरोप धाडला. दाजींचा हात तसाच थरथरत होता. डाव्या हाताने उजवं मनगट धरून ते डोळे आखत होते. एका डोळ्याला तास तास लागायचा.

चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाई स्वतःच आल्या. त्यांनी धाकूला समोर बसवलं.

"हे बघा, आता काही भरवू नका आणि काही फेकू नका. यांना फक्त झोप हवी आहे. बसल्या जागी डोळे टक्क उघडे दिसले, पापणी हलत नसली, की सरळ आडवं करायचं. अंगावर पांघरूण घालायचं. कोणीही आलं तरी उठवू द्यायचं नाही. समजलं?"

"कोणीही आलं तरी?"

"कोणीही आलं तरी."

पाचवा दिवस चतुर्थीच्या आदला. दुपारी दाजींनी शेवटचा डोळा आखला आणि ब्रश हातात धरून तसेच बसून राहिले. डोळे टक्क उघडे. पापणी हलत नव्हती. धाकूने त्यांना उचललं, घराच्या आतल्या खोलीत आडवं केलं, गोधडी घातली. दाजी लगेच घोरायला लागले.

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. "शहाणा रे माझा धाकू!" त्या म्हणाल्या.

असं त्याला कोणीच कधी म्हटलं नव्हतं. धाकू खूश होऊन कारखान्यात परत आला.

दाजी चार तास झोपले. उठले तेव्हा अंग हलकं वाटत होतं. त्यांनी उजवा हात समोर धरून पाहिला. थरथरत नव्हता. वहिनींच्या हातचा भात ते दोनदा मागून जेवले. चहा नको म्हणाले.

मग ते बाहेर आले. अंगणात अर्धं गाव पाट घेऊन गणपती न्यायला उभं होतं. कारखान्याचं दार बंद होतं. दारात धाकू आडवा बसला होता, ओठांवर बोट ठेवून.

"दोन तास झाले, आत सोडत नाही हा," महादूकाका म्हणाले. "नुसता शू शू करतोय."

दाजींनी दार ढकललं. आत आठ गोधड्या पसरल्या होत्या, एकेका गोधडीखाली पाच-पाच जण. सगळे उताणे. मुकुटांची टोकं तेवढी बाहेर. दाजींनी पहिली गोधडी उचलली. पावसाळी हवेत ओलाच राहिलेला रंग सगळा कापडाला लागला होता. गणपतींना डोळे नव्हते. गोधडीवर मात्र दहा डोळे उमटले होते, आणि ते दाजींकडे बघत होते.

दाजींचे दोन्ही हात थरथरायला लागले.

"धाक्या!"

"दाजी, हळू बोला," धाकू कुजबुजला आणि त्याने गोधडी पुन्हा नीट मुकुटाखाली खोचली. "सकाळपासून एकाचीही पापणी हलली नव्हती. उद्यापासून मखरात दिवसरात्र बसून राहायचंय, आणि जेवायला नुसते मोदक. आजचा दिवस तरी झोपू द्या त्यांना."