काळ्या गाड्यांचा रस्ता

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं आजीनं बजावलं आहे. लिहायची नाही असं ती म्हणाली नाही, म्हणून लिहिते.

कोळशाच्या खाणीला लागून असलेल्या चिखलबोडी गावात पैकू नावाचा एक भोळा माणूस राहतो. इतका भोळा, की दुधावर डोळा ठेव म्हटलं तर दुसरा मिटून घेतो. तो माझा काका, पण ते राहू दे.

खाणीचे ट्रक गावाच्या मधूनच जायचे. आजीचं पांढरं लुगडं वाळत घातलं की संध्याकाळी राखाडी होऊन घरात यायचं. आजी रात्रंदिवस खोकायची. मग सरकारचं नवं हवामान धोरण आलं. ज्या गावची हवा सर्वांत वाईट, त्याला गावाबाहेरून रस्ता मिळणार. गाव खूश झालं. वाईट हवेत आपल्याला कोण हरवणार?

हवा मोजायला आलेल्या सरकारी उमाळकर साहेबांनी पंचायतीच्या छतावर धूळ मोजायचं यंत्र बसवलं आणि काकाला राखणीला ठेवलं.

"पैकू, यंत्र महागाचं आहे. यावर धूळ बसता कामा नये."

"बरं जी."

काकानं यंत्र आजीच्या लुगड्यात घट्ट गुंडाळलं. यंत्रात धूळ शून्य आली. मुंबईत पेढे वाटले. चिखलबोडीचं नाव रस्त्याच्या यादीतून निघालं आणि सत्काराच्या यादीत गेलं. मंत्री स्वतः येणार असं ठरलं.

आजीनं कपाळावर हात मारला. "येड्या, झाकून कधी मोजतेत का? मोजाचं असन तं उघडं ठेवाव न बाप्पा!"

"बरं माय."

साहेबांनी मग काकाला खाणीच्या वजनकाट्यावर पाठवलं. ट्रकवर ताडपत्री आहे की नाही, एवढंच बघायचं होतं. काकानं पाहिलं, इथे तर कोळसा मोजतात! त्यानं एकूणएक ताडपत्री सोडली. वारा सुटला. भर दुपारी कोंबड्या खुराड्यात जाऊन बसल्या.

साहेब धावत आले. "गाढवा! काळं काही दिसलं की आधी पाणी मार, मग ताडपत्री आवळ, मग रांगेत लाव!"

"बरं जी."

दुसऱ्या दिवशी मंत्र्यांची गाडी आली. लांबलचक आणि काळीभोर. काकानं पाणी मारलं, ताडपत्री आवळली आणि गाडी रांगेत लावली. पुढे ट्रक, मागे ट्रक. मंत्री संध्याकाळी बाहेर निघाले, तोंड पुसलं आणि रुमालाकडे बघत राहिले.

"ही तुमची स्वच्छ हवा?"

"यंत्रात शून्य आहे, साहेब," उमाळकर साहेब म्हणाले.

आजी पुढे झाली. "सायेब, तुमी एक दिस खोकले. आमी रोज खोकतो. बाहेरून रस्ता द्या."

"दिला!" मंत्री म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

रस्ता झाला. गुळगुळीत, दोन्ही बाजूंना झाडं. उद्घाटनाच्या दिवशी कळलं की तो मंत्र्यांच्या गाडीसाठी आहे. पुन्हा त्यांना धुळीतून यावं लागू नये म्हणून. ट्रक आपले गावातूनच.

नव्या रस्त्याच्या फाटकावर उन्हात उभं राहायला कुणी तयार होईना. काका तयार झाला.

"मंत्रीसाहेबांची गाडी कशी आहे?" साहेबांनी विचारलं.

"काळी जी."

"मग काळी आली की फाटक उघड. बाकीच्या गाड्या गावातून धाड. डोकं चालवू नकोस."

"बरं जी."

काकानं डोकं चालवलं नाही. खाणीतून पहिला ट्रक आला. मूळचा पिवळा असेल, पण टपापासून चाकापर्यंत काळा. काकानं फाटक उघडलं. मागचाही काळाच होता. तेव्हापासून सगळे ट्रक मंत्र्यांच्या रस्त्यानं जातात. आजीचं लुगडं पांढरं वाळतं, आजी रात्री झोपते. साहेब ऑफिसात बसून यंत्राचे आकडे बघतात, त्यामुळे त्यांना अजून पत्ता नाही. म्हणून तर सांगायचं नाही.

पण धोरण पुढे गेलं. मंत्र्यांनी विजेवर चालणारी गाडी घेतली. पांढरीशुभ्र. ती आज फाटकाशी आली. आजी आणि मी काकाची भाकर घेऊन इथेच होतो. काकानं काचेवर बोट फिरवलं. बोट स्वच्छ निघालं.

"ही नाही जी. गावातून जा."

"अरे, आत मंत्री आहेत!" ड्रायव्हर ओरडला.

"असतील जी. पण गाडी पांढरी हाय."

गाडी रागानं गावात शिरली. तिथे ट्रकांनी आजवर सांडलेला कोळसा अजून घोटाभर पडून आहे. भरधाव गाडीनं तो सगळा उडवला. गाडी फाटकाशी परत आली तेव्हा तिची काचसुद्धा दिसत नव्हती.

काकानं कडक सलाम ठोकला. "आधीच असं याचं होतं जी!"

फाटक उघडलं. पलीकडे ट्रकांची रांग उभी. आजीचा चेहरा उतरला. मंत्र्यांनी काच खाली केली की संपलं. पण गाडी काळी पाहून काकाला जुना धडा आठवला. त्यानं पाणी मारलं, ताडपत्री ओढली आणि आता तो दोरी आव

"पोरी, काय लिवत बसली? हे टोक धर लवकर, सायेबाले ट्रक दिसाच्या आंधी!"